सायरन वाजण्याआधीची तयारी

६ आणि ७ सप्टेंबर १९६५ च्या मधल्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या आपल्या हवाई तळांजवळ छत्रीधारी कमांडो उतरवले. प्रत्येक ठिकाणी सुमारे ६०, एकूण साधारण १८०. आपली विमानं जमिनीवरच नष्ट करायची, असा बेत होता. पण अंधारात हे जवान शेतांत आणि कालव्यांच्या काठी विखुरले. लष्कर आणि पोलिसांच्या बरोबरीने गावकरी लाठ्याकाठ्या घेऊन बाहेर पडले आणि बहुतेक कमांडो पकडले गेले.

सध्या मी याच पंजाबात पोस्टिंगवर आहे. त्या युद्धाच्या गोष्टी इथे अजून निघतात. त्यात एक धागा मात्र मागे राहतो, तो एनसीसीच्या पोरांचा. छत्रीधारी सैनिकांच्या शोधासाठी कॅडेट्सनी गस्त घातली. दारूगोळा कारखान्यांत मदत केली, आघाडीकडे जाणारी रसद हलवली, वाहतूक सांभाळली, नागरी संरक्षण दलाबरोबर बचावकार्य केलं. १९७१ मध्येही हेच घडलं.

इतकी मुलं तयार मिळाली कशी? एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. १९६२ च्या चीन युद्धाचा धक्का बसल्यावर १९६३ मध्ये ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची झाली. संख्या प्रचंड वाढली. पण युनिफॉर्म, प्रशिक्षक आणि मैदानं त्या वेगाने वाढत नसतात. १९६८ मध्ये सक्ती उठली. त्याच वर्षी नागरी संरक्षण कायदा आला, आणि स्वयंसेवकांच्या कामाला कायद्याची चौकट मिळाली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रशिक्षणाचं केंद्र तर आपल्या नागपुरातच होतं. १९५७ मध्ये तिथे सुरू झालेली संस्था पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली.

तरुणांना युद्धकाळात कोणतं काम द्यायचं, याची दोन टोकं दुसऱ्या महायुद्धात दिसली. ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यांत टेलिफोनच्या तारा तुटल्या की स्काउट्ससारखी पोरं सायकलवरून निरोप पोचवायची. जर्मनीने १९४३ पासून १५-१६ वर्षांच्या शाळकरी मुलांना विमानविरोधी तोफांवर नेमलं आणि पुढच्या वर्षी १६ वर्षांपासूनच्या पोरांना थेट फोल्क्सश्टुर्ममध्ये घेतलं. धोका दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की ब्रिटनमधला मुलगा माणसं वाचवायच्या कामात होता, आणि जर्मनीतल्या मुलाला हरलेल्या युद्धात सैनिक म्हणून खर्ची घातलं गेलं.

ही रेषा मला महत्त्वाची वाटते. सीमेवर तणाव वाढला की प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं, पोरांच्या हाती बंदुका द्या. बंदूक चालवायला आम्ही आहोत. शहरावर हल्ला झाला तर कमतरता बंदुकांची नसते. स्ट्रेचर उचलणारे, रक्तस्राव थांबवणारे, गॅसचा नळ बंद करणारे, तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजी एकट्या राहतात हे माहीत असणारे हात कमी पडतात. आपल्या गल्लीची अशी माहिती कोणत्याही पलटणीकडे नसते.

२००९ च्या दुरुस्तीने नागरी संरक्षणाच्या कामात आपत्ती व्यवस्थापन आलं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात 'एनसीसी योगदान' मोहिमेत कॅडेट्सनी रांगा, रसद आणि वाहतूक सांभाळली. तिथे नियम स्पष्ट होता: १८ वर्षांवरचे आणि स्वेच्छेने येणारेच.

७ मे २०२५ ला देशभर २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी 'ऑपरेशन अभ्यास' ठरलं. सायरन, ब्लॅकआउट, लोकांना सुरक्षित हलवण्याचा सराव. त्यात एनसीसी आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलंही धरली होती. १९७१ नंतर जन्मलेल्या बहुतेकांनी सायरनचा आवाज फक्त सिनेमात ऐकला होता.

१९६५ ची पोरं तयार होती, कारण त्यांची कवायत युद्धाच्या दोन वर्षं आधी सुरू झाली होती. सायरन वाजल्यावर उत्साह आपोआप येतो, प्रथमोपचार येत नाही. म्हणून आपल्या भागातल्या नागरी संरक्षण कार्यालयात जाऊन नाव नोंदवा, आणि घरातल्या अठरा पूर्ण झालेल्यांनाही बरोबर न्या. निवृत्त सहकाऱ्यांना खास विनंती: शिकवणाऱ्यांची गरज शिकणाऱ्यांइतकीच आहे.