अनुच्चारित वाणी आणि मनाचा खाजगीपणा

(१)

मनुष्याच्या अंतःकरणात काय आहे हे दुसऱ्यास कळावयाचे तर ते त्याने बोलून अथवा लिहून प्रकट केले पाहिजे, या गृहीतावर आजवरच्या बहुतेक कायद्यांची उभारणी झालेली आहे. पत्र फोडता येई, तार अडविता येई. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने सरकारास तसा अधिकारही दिला होता. परंतु जे उच्चारिलेच गेले नाही, त्याच्या रक्षणासाठी कायदा करण्याची आवश्यकता कोणास भासली नाही. मौन हीच त्याची तटबंदी होती. ही तटबंदी गेल्या शंभर वर्षांत कसकशी ढासळत गेली, आणि भारतीय न्यायव्यवस्थेने तिची डागडुजी कोणत्या पायावर केली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा इतिहास जितका शरीरशास्त्राचा व कायद्याचा, तितकाच भाषेचाही आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही.

(२)

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील येना येथे होतो. हान्स बर्गर हा तरुणपणी सैनिकी शिक्षण घेत असता घोड्यावरून पडून मरता मरता वाचला. त्याच दिवशी त्याच्या बहिणीस अकारण काळजी वाटू लागली व घरून त्याची विचारपूस करणारी तार आली. विचार एका मनातून दुसऱ्या मनात शब्दांवाचून जातो काय, हा प्रश्न बर्गरच्या मनात त्या दिवसापासून घर करून राहिला. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर १९२४ साली त्याने मानवी मेंदूतील विद्युत्‌स्पंदनांचे पहिले आलेखन केले व १९२९ साली ते प्रसिद्ध केले. ज्या विचारसंक्रमणाचा तो शोध घेत होता ते त्यास सापडले नाही; परंतु कवटीच्या बाहेरून मेंदूची हालचाल टिपता येते, हे मात्र सिद्ध झाले.

दुसरा टप्पा १९६५ चा. सॅम्युएल सटन व त्याचे सहकारी यांनी असे दाखविले की, अनपेक्षित अथवा अर्थपूर्ण अशी गोष्ट समोर आली असता सुमारे ३०० सहस्रांश सेकंदानंतर मेंदूच्या आलेखात एक विशिष्ट उंचवटा उमटतो. मनुष्य तोंडाने काहीही न बोलता एखादी वस्तू आपल्या परिचयाची असल्याची साक्ष देऊ शकतो, असा निष्कर्ष यावरून पुढे काहींनी काढिला, आणि प्रयोगशाळेतील हे निरीक्षण गुन्हाशोधनाच्या क्षेत्रात आले.

(३)

या प्रवासातील एक महत्त्वाचा प्रसंग महाराष्ट्रातच घडला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून-खटल्यात आरोपीस दोषी ठरविताना, इतर पुराव्यांसमवेत मेंदूच्या विद्युत्‌आलेखनाच्या एका चाचणीचाही आधार घेतला. या चाचणीचे स्वरूप भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. आरोपी स्तब्ध बसलेला असतो. त्यास कोणताही प्रश्न विचारला जात नाही वा उत्तर अपेक्षिले जात नाही. घटनेची वर्णने प्रथमपुरुषी वाक्यांच्या रूपाने त्याच्या कानी घातली जातात. म्हणजे ‘मी’ हा शब्द उच्चारतो अन्वेषक, आणि तो ‘मी’ ऐकणाऱ्यासच लागू पडतो की नाही, याचा निर्णय यंत्र करते.

मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात अशा चाचण्यांविषयी निर्णय दिला. त्याची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरविले होते की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. कारण ठसा काही सांगत नाही, तो केवळ तुलनेस उपयोगी पडतो. मेंदूचा आलेखही तसाच एक शारीरिक ठसा आहे, असे प्रतिपादन करता येण्याजोगे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. आलेखाद्वारे व्यक्तीचे स्वतःचे ज्ञानच बाहेर येते, म्हणून ती साक्षच होय, मग ओठ हलोत वा न हलोत, असे न्यायालयाने धरले; आणि संविधानाच्या अनुच्छेद २० (३) व २१ यांचा आधार घेऊन कोणावरही अशी चाचणी सक्तीने करता येणार नाही, असा निर्णय दिला. ‘मानसिक खाजगीपणा’ ही कल्पना या निर्णयात स्पष्टपणे आलेली आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये घोषित केले, त्याच्या सात वर्षे अगोदरची ही गोष्ट होय.

(४)

तथापि, ज्या चाचण्यांविषयी हा निर्णय झाला त्या फार तर ‘ओळख आहे की नाही’ एवढेच सांगू पाहत होत्या; त्या वाक्य वाचीत नव्हत्या. यानंतरचा टप्पा वाक्यवाचनाचा आहे. भर्तृहरीच्या परंपरेत वाणीच्या वैखरी, मध्यमा व पश्यन्ती अशा अवस्था सांगितलेल्या आहेत. वैखरी म्हणजे कानी पडणारी. मध्यमा म्हणजे बुद्धीत राहणारी, परंतु शब्दांचा क्रम धारण केलेली. पश्यन्तीत हा क्रमही मावळलेला असतो. आजच्या यंत्रविद्येचे पूर्वज्ञान प्राचीनांस होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु यंत्र कोठवर पोहोचले हे सांगण्यास ही परिभाषा सोयीची आहे.

२०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठात काही व्यक्तींस सुमारे १६ तास कथाकथन ऐकवून त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाच्या प्रतिमा घेण्यात आल्या, व त्यावरून त्या ऐकत वा मनात योजीत असलेल्या मजकुराचा सारांश यंत्राने इंग्रजीत मांडला. व्यक्तीने मनात दुसरीच गोष्ट रचण्यास आरंभ केला की यंत्र निष्प्रभ होई. २०२५ मध्ये स्टॅनफर्ड येथे याच्याही पुढचे पाऊल पडले. विकारामुळे बोलणे कठीण झालेल्या चार व्यक्तींच्या मेंदूत बसविलेल्या विद्युदग्रांवरून त्यांनी मनातल्या मनात उच्चारलेली वाक्ये, सर्वांत यशस्वी प्रयोगात सुमारे ७४ टक्के अचूकतेने, वाचता आली. याच प्रयोगांत, आकृत्या मोजण्याचे काम दिले असता सांगितल्यावाचून मनात उमटलेल्या संख्यांच्या खुणाही यंत्रास मिळाल्या. म्हणून संशोधकांनी मनात योजावयाचा एक परवलीचा शब्दसमूह ठरविला. तो योजिल्याखेरीज यंत्र वाचन करीत नाही. वाचा गमावलेल्या मनुष्यास ती परत देणारी ही विद्या उपकारक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मध्यमेला कुलूप लावण्याची वेळ प्रथमच आली, हेही तितकेच खरे.

(५)

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही यंत्रे विचार जसाच्या तसा उचलीत नाहीत. मेंदूतील अस्पष्ट संकेतांच्या रिकाम्या जागा ती भाषेच्या संख्याशास्त्रीय प्रतिमानाने, म्हणजे ‘यापुढे बहुधा कोणता शब्द येईल’ या अनुमानाने, भरून काढतात. ही प्रतिमाने मुख्यत्वे इंटरनेटवरील लिखाणावरून सिद्ध होतात, आणि त्या लिखाणात इंग्रजीचे प्राबल्य आहे. स्पॅनिश व चिनी भाषांतही असे प्रयोग झालेले आहेत. परंतु ज्या भाषेचे लिखाण जालावर विरळ, तिच्या भाषकाच्या मनोगताचे अनुमान दुसऱ्या भाषेच्या साच्यातून होण्याचा धोका अधिक.

मराठीचे उदाहरण घ्यावे. ‘आपण गेलो’ यात ऐकणारा अंतर्भूत आहे. ‘आम्ही गेलो’ यात तो वगळलेला आहे. इंग्रजीत हा भेद एकाच सर्वनामात लोपतो. ‘त्याने विष आणले’ आणि ‘त्याने विष आणले म्हणे’ यांतील अंतर तर साक्षीच्या दृष्टीने निर्णायक आहे. पहिले विधान वक्ता स्वतःच्या जबाबदारीवर करतो, दुसरे ऐकीव म्हणून. पुण्याच्या प्रसंगातील चाचणीचा दावा नेमका हाच होता की, स्वतः अनुभवलेले व केवळ माहीत असलेले यांतील फरक तीस कळतो. ज्या साच्यात ‘म्हणे’ला स्थान नाही, त्यातून वाचलेले मराठी मन हे चुकीचे वाचलेले मन ठरेल. मनाच्या खाजगीपणाचा भंग जसा खऱ्या वाचनाने होतो, तसाच खोट्या वाचनानेही होतो. कारण न बोललेल्या वाक्याचा इन्कार करण्यास बोललेल्या वाक्याची साक्ष उपलब्ध नसते.

कायदा या प्रश्नाकडे वळू लागला आहे. चिलीने २०२१ मध्ये संविधानात दुरुस्ती करून मेंदूची क्रिया व तीपासून मिळणारी माहिती यांस संरक्षण दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गिदो गिरार्दी या माजी सिनेटरच्या तक्रारीवरून, बाजारात मिळणाऱ्या शिरोपट्टीने गोळा होऊन कंपनीच्या दूरस्थ संग्रहात साठलेली त्याच्या मेंदूविषयीची माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने समरकंद येथील अधिवेशनात मेंदू-तंत्रविद्येच्या नीतीविषयी शिफारशी स्वीकारल्या.

या दोन प्रसंगांतील भेद लक्षणीय आहे. सेल्वी निर्णयातील मनुष्य शासनापुढे उभा होता व सक्तीस नकार देत होता. चिलीतील मनुष्याने शिरोपट्टी स्वतःच विकत घेतली होती. उद्याच्या इंटरनेटवर दुसरा प्रकारच अधिक आढळेल, आणि ‘सक्ती नको’ एवढा नियम तेथे पुरा पडणार नाही. २०१० च्या निर्णयाने मौनास साक्षीचा दर्जा देऊन जो पाया घातला, त्यावर पुढील बांधणी करावयाची तर कोणत्या भाषेतील मौन, कोणत्या साच्यातून वाचले गेले, हाही प्रश्न न्यायालयापुढे यावा लागेल. मराठीतील अंतर्गत वाणीचे, विशेषतः साक्षवाचक अव्ययांचे व सर्वनामांचे, पद्धतशीर वर्णन त्यासाठी हाताशी असणे अगत्याचे आहे. आणि ते काम भाषाशास्त्राच्या अभ्यासकांखेरीज अन्य कोणाकडून होण्यासारखे नाही.