सहजगुण, अगांतुक गुण आणि तरुणांची देहप्रतिमा

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, तेथे जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर यांनी पुढे ‘दासबोधा’त मानवी गुणांची जी एक विभागणी केली, ती आजच्या तरुण पिढीच्या एका मानसिक व्यथेचा उलगडा करण्यास उपयोगी पडण्यासारखी आहे. चौदाव्या दशकाच्या सहाव्या समासात चातुर्याचे निरूपण करताना ते आरंभीच रूपाचा विषय काढतात. रूप, वर्ण, जन्मतःच आलेले व्यंग या गोष्टींवर माणसाचा इलाज चालत नाही. हे सहजगुण होत. विद्या, विवेक, सौजन्य ही मात्र अभ्यासाने साध्य होतात. ते अगांतुक गुण. माणसाने झटावे ते या दुसऱ्या वर्गातील गुणांसाठी, असा त्यांचा अभिप्राय आहे.

या विभागणीतील काही भाग आज टिकणारा नाही. मुकेपणा व अंधत्व यांना रामदासांनी निरुपाय मानले, परंतु वैद्यकाने व विशेष शिक्षणाने त्यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय काढले आहेत. तथापि रूपाची चिंता करणाऱ्या तरुणाला या विचारातून एक दिलासा मिळत होता, तो असा की, जे आपल्या हाती नाही त्याचा जाब कोणी आपल्याला विचारू शकत नाही.

समाजव्यवहार मात्र या विचाराने चालत नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. जालन्याच्या शेजारी, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात मेहुणा राजा हे गाव आहे. चोखामेळ्याचा जन्म तेथे झाल्याची परंपरा सांगते. वाकड्या उसाचा दृष्टांत घेऊन बाह्य आकार आणि आतील रस यांचा संबंध नाकारणारा त्याचा अभंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ज्याच्या देहाचा स्पर्शच विटाळ मानला गेला, त्याने हे म्हणावे, यातील धार केवळ आध्यात्मिक नव्हे. मराठवाड्याच्या रखरखीत उन्हात राबणाऱ्याचा वर्ण रापतो आणि सावलीत बसणाऱ्याचा उजळ राहतो. त्यामुळे गोरेपण हे रूपाचे लक्षण असण्यापूर्वी फुरसतीचे व प्रतिष्ठेचे लक्षण होते. पंढरीचा देव सावळा म्हणून आळवावयाचा आणि सून मात्र गोरी शोधावयाची, ही विसंगती कोणाला टोचल्याचे दिसत नाही. तान्ह्या मुलाच्या गालावर काजळाची तीट लावून त्याच्या रूपाला मुद्दाम किंचित उणेपण आणण्याची चालही याच समाजातील. परक्याच्या नजरेत फार भरणे धोक्याचे, ही समजूत तिच्या मुळाशी होती.

तरुण मुलांच्या बाबतीत बलवान देहाचा आदर्श मारुतीच्या रूपाने गावोगाव उभा होता. तालमीत शरीराची परीक्षा आरशापुढे होत नसे, ती लाल मातीत प्रतिस्पर्ध्याशी झोंबताना होई. जोर, बैठका व मल्लखांब यांनी येणारे बळ हे रामदासांच्या भाषेत अगांतुक होते आणि ते मिळविण्याची जागा, वस्ताद व सोबती ठरलेले होते. (तालमीचे दार मुलींना व अनेक जातींना बंद असे, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.) या व्यवस्थेत छायाचित्राने शिरकाव केला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. युजेन सँडो हा युरोपातील प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची ख्याती त्याच्या शक्तीइतकीच त्याच्या छायाचित्रांवर उभी होती. देह हा पाहण्याचा व पाहून तुलना करण्याचा विषय झाला, तो येथपासून.

याच काळात पाश्चात्य मनोविज्ञानात या व्यथेला नाव मिळत होते. इटालियन वैद्य एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये आपण कुरूप आहोत या ध्यासाचे वर्णन केले, आणि १९३५ मध्ये पॉल शिल्डर यांनी देहप्रतिमेची कल्पना ग्रंथरूपाने मांडली. माणूस आपल्या मनात आपल्याच शरीराचे जे चित्र बाळगतो, ते आरशातील चित्राहून वेगळे असू शकते, हा तिचा गाभा.

भारतापुरते पाहता निर्णायक वर्ष १९७५ हे होय. त्या वर्षी हिंदुस्थान लिव्हर कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आणले. रामदासांनी ज्याला निरुपाय सहजगुण म्हटले होते तो वर्ण आता एका नळीने पालटता येतो, असे त्याच्या जाहिराती सांगू लागल्या. सावळ्या मुलीला नोकरी वा स्थळ मिळत नाही आणि उजळल्यावर मिळते, हे त्यांचे ठरीव कथानक होते. येथे केवळ एक वस्तू विकली गेली असे नव्हे. जे नशिबाचे होते ते कर्तव्याचे झाले. सावळे असणे हे दुर्दैव होते, ते आता आळस ठरू लागले. आजच्या तरुणाच्या न्यूनगंडात दुःखापेक्षा अपराधीपणा अधिक आढळतो, त्याचे मूळ या पालटात शोधावे लागते.

१९८१ च्या १ मे रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आल्याने तो अंबड-परतूरच्या खेड्यांतील मुलामुलींच्याही हाती गेला. त्यातील फिल्टर क्षणार्धात चेहरा उजळ करतो, नाक बारीक करतो, डाग पुसतो. सहजगुण आणि अगांतुक गुण यांतील सीमारेषा यापूर्वी इतकी सहज कधीच पुसली गेली नव्हती. शिवाय मोबाईलचा कॅमेरा मुळात खरे सांगतोच असे नाही: हातभर अंतरावरून काढलेल्या स्वछायाचित्रात नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते, असे २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखविले गेले.

केवळ चित्र पाहून इतका परिणाम होतो काय, अशी शंका रास्त आहे. तिला फिजी बेटावरील एक अभ्यास उत्तर देतो. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरदर्शन आले. अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. आहारविकाराकडे झुकणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. धष्टपुष्ट देह हे जेथे भूषण होते, तेथे तीन वर्षांत हे घडले. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुक कंपनीच्या अंतर्गत पाहणीतही, स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते अधिक वाढविले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते. मुलांची अवस्था निराळी नाही. मारुतीशी कोणी स्वतःची तुलना करीत नसे, कारण तो देव होता. पडद्यावरील पिळदार तरुण मात्र आपल्याच वयाचा व आपल्याच बोलीत बोलणारा असतो.

उपचाराची वाट मात्र लांबची राहिली. महाराष्ट्र शासनाची ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुनी मनोरुग्णालये. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू झाली, ती मराठीतही बोलते. परंतु जेवण टाळणारी मुलगी किंवा फोटो काढू न देणारा मुलगा आजारी आहे, असे घरी कोणाच्या ध्यानी येत नाही.

सारा दोष मोबाईलच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. २०२० मध्ये त्या मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गाळून ‘ग्लो’ हा शब्द घालण्यात आला. लग्नाच्या माहितीपत्रकातील ‘वर्ण’ हा रकाना मात्र गळालेला नाही. सावळ्या मुलीच्या नावापुढे तेथे ‘निमगोरा’ किंवा ‘गव्हाळ’ असे लिहिण्याची रीत आहे, आणि ते लिहिणारा बहुधा तिचा बाप किंवा मामा असतो.