ॲन शर्ली आणि गिल्बर्ट ब्लाइद
कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर घडणारी एल. एम. माँटगोमेरी यांची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) ही कादंबरी अभ्यासातल्या चुरशीतून उमलणाऱ्या किशोरप्रेमाचे ठळक उदाहरण होय. गिल्बर्ट लाल केसांच्या ॲनला ‘गाजर’ म्हणून चिडवतो. ती पाटी त्याच्या डोक्यात घालते. पाटी तडकते, डोके शाबूत राहते. पुढचा अबोला मात्र गुणांच्या भाषेत चालतो: क्वीन्स अकॅडमी या शिक्षणसंस्थेच्या प्रवेशपरीक्षेत दोघे बरोबरीने पहिले, नंतर त्याला सुवर्णपदक, तिला शिष्यवृत्ती. वर्गात तोलामोलाचे दुसरे कोणी नाही, ही जाणीवच इथे ओढीचे मूळ आहे. पहिल्या पुस्तकात प्रेम नाही, नुसता समेट आहे, हा आक्षेप रास्त. पण गावच्या शाळेतली शिक्षकाची जागा गिल्बर्ट तिच्यासाठी सोडतो, तेव्हा वैराला काही आधारच उरत नाही. लग्न ठरते ते थेट ‘ॲन ऑफ द आयलंड’मध्ये (१९१५).