'दुखतं का?' हा एकच प्रश्न पुरेसा नाही

पुरुषाच्या छातीतली स्तनग्रंथी वाढते, त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. यावरची शस्त्रक्रिया ही काही आजकालची हौस नाही, मित्रांनो. सातव्या शतकात इजिना बेटावरचा ग्रीक वैद्य पॉल याने ती लिहून ठेवलीय: स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद द्या, आतली चरबी काढा, टाके घाला. कारण काय दिलं? दुखणं नाही. 'बायकी' म्हणून माणसाला ऐकून घ्यावं लागतं, म्हणून ऑपरेशन योग्य! पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत जेरोम वेबस्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने छेद देण्याची पद्धत मांडली. व्रणही झाकला गेला.

आणि आज? मी सरकारी रुग्णालयात गेलो तर विचारलं, "दुखतं का?" नाही म्हटलं, तर कागदावर 'कॉस्मेटिक' लिहून मोकळे. इकडे पोलीस भरतीत उघड्या छातीला टेप लावतात, किमान ७९ सेंमी. तिथं उभं राहायला पोरगा कचरतो, त्याचं काय?

वयात येताना झालेली वाढ बहुतेकदा दोनेक वर्षांत आपोआप ओसरते. त्यामुळे सरसकट ऑपरेशन करा, असं म्हणणं नाही. पण जी राहते, तिची तपासणी नीट करा आणि कुचंबणाही केसपेपरवर लिहा. पैसेवाला खाजगीत जातो. गरिबाने आयुष्यभर बनियनवर बनियन घालायचं का?