व्हार्टन दांपत्याचा फ्रान्सप्रवास

प्रवासाचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घोडा, टपालगाडी, आगगाडी आणि मोटार अशा पायऱ्या मांडल्या व प्रत्येक पायरीवर वेग किती वाढला हें सांगितलें, कीं इतिहासकाराला आपलें काम संपलें असें वाटतें. परंतु साधन बदललें म्हणजे केवळ पोहोंचण्याचा काळ बदलतो असें नाहीं. पाहण्याची रीतहि बदलते. शहरांत आपण कोणत्या दारानें शिरतों, वाटेंत कोठें थांबूं शकतों, कोणतें गांव दृष्टीस पडतें आणि कोणतें पडत नाहीं, हें सारें साधनावर अवलंबून असतें. या दृष्टीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं एका अमेरिकन दांपत्यानें फ्रान्समध्यें मोटारीनें केलेला संथ प्रवास विचार करण्याजोगा आहे.

एडिथ व्हार्टन यांचा जन्म १८६२ सालीं न्यूयॉर्कच्या एका सधन घराण्यांत झाला. १८८५ सालीं त्यांचा विवाह बॉस्टनचे एडवर्ड व्हार्टन यांच्याशीं झाला. एडवर्ड हे पत्नीहून बारा वर्षांनीं मोठे, स्वभावानें मनमिळाऊ, मोकळ्या हवेचे व मैदानी खेळांचे शौकीन; ग्रंथांचें वेड मात्र त्यांना नव्हतें. बाईंची गोष्ट निराळी. वास्तुकला, उद्यानें, इतिहास व कादंबरी या सर्वांत त्यांची बुद्धि सारखीच रमे. उभयतांना जोडणारा जो एक मोठा दुवा होता, तो प्रवासाच्या आवडीचा. १९०३ सालीं इटलींत असतांना तेथील अमेरिकन राजदूतांच्या मोटारींतून व्हार्टनबाई रोमजवळचा काप्रारोलाचा प्रासाद पाहून आल्या, आणि या नव्या वाहनाची त्यांना मोहिनी पडली. पुढच्याच वर्षीं त्यांनीं पानार-लव्हासोर कंपनीची एक मोटार विकत घेतली. १९०५ मध्यें ‘द हाउस ऑफ मर्थ’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्यानंतर १९०६ व १९०७ या दोन वर्षांत या जोडप्यानें फ्रान्समध्यें तीन फेऱ्या केल्या. पहिलींत बाईंचे बंधु बरोबर होते. दुसरींत, १९०७ च्या वसंतांत, सुप्रसिद्ध कादंबरीकार हेन्री जेम्स सोबत होते. तिसरी फेरी ईशान्येकडची व लहानशी. या प्रवासांवरील बाईंचे लेख प्रथम ‘अटलांटिक मंथली’ या मासिकांत आले आणि १९०८ सालीं ‘अ मोटर-फ्लाइट थ्रू फ्रान्स’ या नांवानें ग्रंथरूप झाले.

या ग्रंथाचें मर्म कळण्यास फ्रान्सच्या लोहमार्गांची रचना ध्यानीं घ्यावी लागते. १८४२ च्या कायद्यानें तेथील मुख्य लोहमार्ग आंखले गेले, ते चाकाच्या आऱ्यांप्रमाणें पॅरिसपासून चोहोंकडे पसरणारे. राजधानीकडे येणें व राजधानींतून जाणें यामुळें सुलभ झालें. पण एका जुन्या प्रांतिक शहराहून शेजारच्या दुसऱ्या जुन्या शहरीं जाणें मात्र कित्येकदां दगदगीचें होऊन बसलें. शिवाय आगगाडी शहरांत शिरते ती त्याच्या परसदारानें. कोळशाचे ढीग, वखारी, धुरानें काळवंडलेल्या भिंती यांचें दर्शन आधीं, आणि ज्यासाठीं यावयाचें त्या देवालयाचें मागाहून. ज्या शहराची वेस, बुरूज व शिखरें शतकानुशतकें पांथस्थाच्या स्वागतासाठीं उभीं, त्याला असें पाठीमागून गांठणें हा त्या शहराचाहि अपमान आणि प्रवाशाचीहि हानि. वेळापत्रकाची व ठरीव लोहमार्गाची गुलामगिरी मोटारीनें दूर केली, टपालगाडींतून हिंडणाऱ्या आपल्या पूर्वजांचें सुख पुन्हा हातीं आलें, असें व्हार्टनबाईंचें प्रतिपादन होतें. म्हणजे या नव्या यंत्रांत त्यांना जुनी गोष्ट सांपडली. गव्हाच्या शेतांपलीकडे दूरवर देवालयाचीं शिखरें प्रथम दिसावीं, तीं हळूहळू उंच होत जावीं, आणि अखेर जुन्या वेशींतून शहरांत प्रवेश व्हावा, हा मध्ययुगांतील यात्रेकरूंचा अनुभव त्यांना यंत्रयुगांत परत मिळाला.

हा प्रवास वेगवान नव्हता हेंहि लक्षांत ठेवावें. १८९९ च्या फरमानानुसार फ्रान्समध्यें मोटारीला उघड्या मुलखांत ताशीं ३० किलोमीटर व वस्तींत २० किलोमीटर एवढीच मर्यादा होती. रस्ते मात्र उत्तम असत. पूल व रस्ते यांची देखभाल करणारें स्वतंत्र सरकारी खातें तेथें १७१६ पासून चालत आलेलें. त्यामुळें दुतर्फा झाडी असलेले सरळ राजमार्ग देशभर पसरलेले होते. धूळ विलक्षण उडे. म्हणून स्त्रिया टोपीवरून जाळीचा पडदा घेत आणि पुरुष मोठाले चष्मे लावीत. मिशेलिन कंपनीनें १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं एक मार्गदर्शिका काढून तिच्या ३५,००० प्रती फुकट वांटल्या होत्या. मोटारप्रवासाचें शास्त्र असें नुकतें कोठें जन्मास येत होतें.

या मोकळीकेचा खरा लाभ कोणता, तें अमियाँ व बोव्हे या दोन शहरांच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. हीं दोन्ही उत्तर फ्रान्समधील, एकमेकांपासून सुमारें ६० किलोमीटरांवर. म्हणजे त्या काळच्या मोटारीला दोन अडीच तासांची वाट. अमियाँचें देवालय १२२० सालीं आरंभिलें गेलें. त्याच्या अंतर्भागींची कमान ४२ मीटर उंच आहे. तरीहि सारी वास्तु अशी प्रमाणबद्ध, कीं उंचीचा डौल जाणवतो पण ताण जाणवत नाहीं. त्याला मागें टाकावें या ईर्ष्येनें बोव्हेकरांनीं १२२५ मध्यें आपल्या देवालयास हात घातला व कमान ४८ मीटरांवर नेली. १२८४ सालीं तिचा कांहीं भाग कोसळला. पुढें तो सांवरला. सोळाव्या शतकांत छेदनस्थानावर दीडशें मीटरांहून उंच मनोरा चढविला, तोहि अवघ्या चार वर्षांत, १५७३ सालीं, कोसळला. मुख्य दालन कधींच बांधलें गेलें नाहीं. आजहि तें देवालय मस्तक आहे पण धड नाहीं, अशा अवस्थेंत उभें आहे. व्हार्टनबाईंना तें पाहून कोलरिजच्या अपूर्ण राहिलेल्या ‘कुब्लाखान’ काव्याची आठवण झाली, ती उगीच नव्हे. एक शहर मर्यादा ओळखून पूर्णत्वास पोहोंचलें, दुसरें मर्यादा ओलांडून अपूर्णत्वांतहि भव्य राहिलें. ही तुलना ग्रंथांतून समजते. पण एकाचा ठसा मनावर ताजा असतांनाच दुसऱ्यापुढें जाऊन उभें राहिलें म्हणजे ती प्रत्ययास येते.

दुसरें उदाहरण नोआँ या खेड्याचें. प्रसिद्ध कादंबरीकर्त्री जॉर्ज सँड हिचें हें घर. १८३९ ते १८४६ या काळांत संगीतकार शोपँ यानें येथें सात उन्हाळे काढले. सँडच्या आयुष्यांतील वादळें युरोपभर गाजलेलीं. म्हणून प्रेक्षक कांहीं अद्भुत पाहावयास मिळेल अशा अपेक्षेनें येतो. पाहतो तों, चिमुकल्या देवळाशेजारीं एक साधें, नेटकें, प्रतिष्ठित गृहस्थाला शोभेल असें घर! एवढीं वादळें इतक्या शिस्तशीर भिंतींत कशीं मावलीं, या प्रश्नानें व्हार्टनबाईंना इतकें घेरलें, कीं १९०६ मध्यें एकदां पाहिलेलें तें घर त्यांनीं दुसऱ्या वर्षीं जेम्स यांना बरोबर घेऊन पुन्हा पाहिलें, आणि या वेळीं आंतलें कळसूत्री बाहुल्यांचें नाट्यगृहहि पाहिलें. बरें वाटलें तेथें पुन्हा जावें, हें स्वातंत्र्य वेळापत्रकांत बसत नाहीं.

या ग्रंथाच्या उणीवा झांकण्याचें कारण नाहीं. हा प्रवास श्रीमंतांचा होता. मोटार हांकण्यास पगारी सारथि होता, आणि शेतांत राबणारा फ्रेंच कुणबी या लेखांत बहुधा देखाव्याचा भाग म्हणूनच येतो. आणखी एक गोष्ट वाचकास खटकते. ग्रंथांत सर्वत्र ‘आम्ही’ आहे. पण हे ‘आम्ही’ कोण, याचा पत्ता लागत नाहीं. शेजारीं बसलेला पती कोणत्या कमानीखालीं थांबला, कशानें हंसला, कशाला कंटाळला, याविषयीं बाई मूक आहेत. पुढील हकीकत ठाऊक असलेल्याला हें मौन बोलकें वाटतें. एडवर्ड यांचा मनोविकार वाढत गेला, उभयतांत अंतर पडलें, आणि १९१३ सालीं पॅरिसमध्यें घटस्फोट होऊन अठ्ठावीस वर्षांचा संसार संपला. रस्त्यावर जीं दोघें एका दिशेनें पाहत होतीं, तीं घरांत एकमेकांकडे पाहूं शकलीं नाहींत.

आणि मग महायुद्ध आलें. १९१४ च्या सप्टेंबरांत पॅरिसच्या भाड्याच्या मोटारींतून सैनिक मार्नच्या रणांगणाकडे धाडले गेले. ऑक्टोबरांत अरास शहराचा प्राचीन घंटामनोरा तोफांनीं जमीनदोस्त केला. स्वासाँच्या देवालयाचें मुख्य दालन गोळ्यांनीं फाटून गेलें. १९१५ च्या फेब्रुवारींत फ्रेंच रेडक्रॉसच्या सांगण्यावरून व्हार्टनबाई आघाडीजवळच्या रुग्णालयांची पाहणी करण्यास निघाल्या, पुन्हा मोटारीनेंच. त्या वर्षीं त्यांनीं व्हर्दं, लोरेन, फ्लँडर्स व आल्सास येथील आघाड्या पाहिल्या. रँसचें जळालेलें देवालय पाहिलें. जेथें घरांचे केवळ सांगाडे उरले होते अशा गांवांतून त्या गेल्या. देश तोच, वाहनहि तेंच. पण आतां नाक्यानाक्यावर परवाना दाखवावा लागे, आणि थांबणें वा वळणें स्वतःच्या इच्छेवर नव्हतें. गाडींत रुग्णालयांसाठीं नेलेलें सामान होतें. त्याच वर्षीं या फेऱ्यांचें वर्णन ‘फायटिंग फ्रान्स’ या नांवानें प्रसिद्ध झालें. १९०८ चा ग्रंथ आणि हा ग्रंथ शेजारींशेजारीं ठेवून वाचले, तर सात वर्षांत युरोपनें काय गमावलें याचा जो हिशेब मिळतो, तो कोणत्याहि तहनाम्यांत मिळावयाचा नाहीं.

व्हार्टनबाई १९३७ सालीं फ्रान्समध्येंच वारल्या. पुढचा संहार त्यांना पाहावा लागला नाहीं. १९४० च्या जूनमध्यें बोव्हे शहराचा जुना भाग जळून गेला, आणि ज्याला ‘पडकें’ म्हणावें तें देवालयच तेवढें उभें राहिलें. १९४४ मध्यें रुआँच्या देवालयावर बाँब पडले. अरासचा मनोरा १९३२ पर्यंत पुन्हा बांधून झाला होता. तो हुबेहुब आहे. पण जुना दगड व जुन्यासारखा दगड यांत भेद असतोच, आणि तो जुन्यास आधीं स्वस्थपणें पाहिलेल्यालाच सांगतां येतो.

मोटारीचेंहि पुढें काय झालें तें आपण जाणतोंच. आजचे रुंद मोटारमार्ग जुन्या शहरांना बगल देऊन जातात. बोव्हे किंवा स्वासाँ यांचें नांव पाटीवर येतें आणि मागें पडतें. आगगाडीविषयीं केलेली तक्रार आतां मोटारीविषयींच करावी लागते. यावरून दिसतें तें हें, कीं दोष किंवा गुण यंत्राचा नसतो. प्रवासी कोणत्या वृत्तीनें निघाला याचा असतो. ज्याला कोठें पोहोंचावयाचें आहे त्याला शहर दिसत नाहीं. ज्याला थांबावयाची सवड आहे त्याला दिसतें. रमतगमत केलेला प्रवास हा रिकामपणाचा उद्योग, असें आपल्यांतील कर्तव्यदक्ष मंडळींना वाटतें. पण अरास, स्वासाँ आणि बोव्हे जशीं होतीं तशीं पुढील पिढ्यांना कळावयाचीं, तर राजकारण्यांच्या व सेनापतींच्या आठवणींबरोबर, कांहीं काम नसतांना तेथें थांबलेल्या आणि नीट पाहिलेल्या माणसांचीहि साक्ष काढावी लागते.