एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा रिसर्च प्रोजेक्ट कसा पूर्ण होतो? राजापूरच्या आंबाबागेतलं उदाहरण

महाराष्ट्रात 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 88 क्रेडिटची झाली. त्यात रिसर्च प्रोजेक्टला तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6, अशी एकूण 10 क्रेडिट आहेत. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो, म्हणजे राजापूर तालुक्यात राहून शिकणाऱ्यालाही हाच आराखडा लागू होतो. प्रोजेक्ट राहिला की डिग्री अडकते. आणि प्रोजेक्ट रखडतो तो बहुतेक वेळा कोडिंग जमत नाही म्हणून नव्हे, तर विषय नीट ठरलेला नसतो म्हणून.

अ‍ॅप बनवणं म्हणजे संशोधन नव्हे

राजापूरच्या मुलाला विषय विचारला तर आंबा सुचणं साहजिक आहे. "हापूसवरचे रोग ओळखणारं मोबाइल अ‍ॅप" हे शीर्षक ऐकायला छान वाटतं, पण त्यात प्रश्नच नाही. अ‍ॅप तयार झालं, पुढे काय? आता हेच असं मांडून पाहा: "दुसरीकडच्या पानांच्या फोटोंवर शिकवलेलं मॉडेल राजापूरच्या बागेतला करपा किती अचूक ओळखतं, आणि इथले 300 फोटो त्यात घातले तर किती फरक पडतो?" याचं उत्तर आकड्यात देता येतं. फरक पडला नाही तरी तो निष्कर्षच असतो, आणि लघुप्रबंध त्यावर उभा राहतो. मास्टर्सच्या पातळीवर जगाला हादरवणारा शोध कुणी मागत नाही. छोटा प्रश्न आणि प्रामाणिक उत्तर पुरतं.

आधी कॅलेंडर बघा

तिसरं सत्र साधारण पावसाळ्यात सुरू होतं. दमट हवेत पानांवर करपा दिसतो, पण कोकणच्या पावसात फोटो काढणं म्हणजे कसरत. भुरी आणि तुडतुडे यांचा त्रास मोहोरावर, म्हणजे थंडीत. तोवर चौथं सत्र लागलेलं असतं. भुरीवर काम करायचं ठरवून जानेवारीत फोटो गोळा करायला निघालात, तर एप्रिलपर्यंत लिहून होणं कठीण. त्यामुळे विषय ठरवताना गाईडइतकंच बागायतदाराशीही बोला. फोटो काढायची परवानगी लेखी घ्या. कोणत्या पानावर कोणता रोग, हे स्वतःच ठरवू नका. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या किंवा तालुक्यातल्या कृषी जाणकारांकडून तपासून घ्या. शक्य असेल तर दोन जाणकारांना तेच फोटो स्वतंत्रपणे दाखवा. त्यांचंच एकमेकांशी किती जुळतं, ही नोंद परीक्षकाला फार आवडते.

99 टक्के आले? थांबा

बहुतेक जण इथेच फसतात. आंब्याच्या पानांचा "मँगोलीफबीडी" नावाचा मोफत डेटासेट बांगलादेशातल्या चार बागांमधून तयार झाला आहे. त्यात 8 गटांत 4,000 फोटो आहेत. पण वेगवेगळी पानं साधारण 1,800च. बाकीचे फोटो त्यातलेच, फिरवून किंवा झूम करून बनवलेले. आता हे 4,000 फोटो सरसकट पिसून 80 टक्के शिकवायला आणि 20 टक्के तपासायला ठेवले, तर काय होईल? एकाच पानाचा सरळ फोटो शिकवण्यात आणि तिरका फोटो तपासणीत जाऊ शकतो. म्हणजे परीक्षेतला प्रश्न आदल्या रात्रीच सोडवून घेतल्यासारखं. आकडा झकास येतो आणि खऱ्या बागेत मॉडेल आपटतं. याला डेटा लीकेज म्हणतात.

उपाय सोपा आहे, फक्त सुरुवातीला करावा लागतो. फोटो काढतानाच बाग आणि झाड यांचा क्रमांक नोंदवा. मग विभागणी फोटोंची नको, झाडांची करा. त्याहून चांगलं म्हणजे एक पूर्ण बाग फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नका.

नुसत्या अचूकतेवरही भागत नाही. 100 पानांत 90 निरोगी असतील, तर प्रत्येक पानाला "निरोगी" म्हणणारं मठ्ठ मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं, आणि रोगट पान एकही सापडलेलं नसतं. म्हणून प्रत्येक रोगाची किती पानं पकडली, किती निसटली, हे वेगळं द्या.

महागडा लॅपटॉप लागत नाही. गुगल कोलॅब आणि कॅगलवर मर्यादित वेळेसाठी मोफत जीपीयू मिळतो. मात्र गावात नेट आणि वीज दोन्ही जातात, सेशन तुटतं, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर मॉडेल सेव्ह होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

लिहिणं शेवटी ठेवू नका

डेटा कसा जमवला आणि प्रयोग कसा केला, ही प्रकरणं काम चालू असतानाच लिहून होतात. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते.

साहित्यचोरीबाबत यूजीसीचे 2018चे नियम मास्टर्सच्या लघुप्रबंधालाही लागू आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावं लागतं. 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष सादर करायला बंदी. त्यापुढे गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात मोजत नाहीत.

व्हायवाला जाताना चुकलेल्या पानांचे दहा-बारा फोटो सोबत न्या. मॉडेलने काजळीला करपा का म्हटलं असेल, हे पान दाखवून सांगता आलं तर काम तुम्हीच केलंय याबद्दल परीक्षकाला फारशी शंका उरत नाही.