पिलाची आई कोठे आहे?



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेला माणूस कुत्र्याच्या पिलावर व्याख्यान देणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. मी शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते संघटनेत आणि वाचनालयात. तेथेच हा विषय माझ्यापुढे आला.

आमचे भिसेगाव कर्जत स्टेशनाच्या शेजारचे. आमच्या एका सोबत्याने काही वर्षांपूर्वी मुंबईहून एक पिलू विकत आणले. टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, लोकलने. किंमत त्याच्या अर्ध्या पगाराएवढी. मुलांनी लगेच नाव ठेवले. चौथ्या दिवशी ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली. सहाव्या दिवशी पिलू गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला आणि विचारले, “पिलू किती दिवसांचे होते? आईला लस टोचली होती काय?” सोबती गप्प. विकणाऱ्याने वंशावळीचा कागद दिला होता, आई दाखविली नव्हती. आणि यानेही ती विचारली नव्हती.

ही आई दृष्टीआड कशी झाली, हाच आजचा इतिहास.

माणूस आणि कुत्रा यांची सोबत फार जुनी. जर्मनीत ओबरकासेल येथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या दफनात दोन माणसांबरोबर एक पिलू सापडले. ते वारंवार आजारी पडले होते आणि माणसांच्या शुश्रूषेमुळेच काही काळ जगले, असे त्याच्या दातांवरून संशोधक अनुमान करतात. आपल्या खेड्यांतही पिलू विकत घेण्याची रीत नव्हती. धनगराच्या वाड्यावर कुत्री व्याली की गावाला ठाऊक असे. ती राखणीला कशी, अंगावर येते की शहाणी आहे, हे पाहून लोक पिलू मागून नेत, आणि तेही ते भाकरी-दूध खाऊ लागल्यावर.

मुधोळच्या शिकारी कुत्र्यांची गोष्ट याच वळणाची. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. १९५६ पर्यंत तो मुलूख मुंबई राज्यात होता. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर शिकाऱ्यांजवळची सडपातळ, वेगवान कुत्री हेरली व त्यांची निवडून पैदास केली. बादशहा पंचम जॉर्ज यांस त्यांनी एक जोडी नजर केल्याचे सांगतात. २००५ साली या जातीचे टपाल तिकीट निघाले. राजांचे श्रेय मोठेच. पण ती जात मुळात घडविली बेडरांनी आणि मेंढपाळांनी, कामावर पारखून. त्यांची नावे कोणत्याही वंशावळीत नाहीत.

इंग्लंडात दुसरीच हवा सुरू झाली होती. १८५९ साली न्यूकॅसल येथे प्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. नोंदी ठेवणे चांगलेच. परंतु बक्षीस कामाला नव्हे, रूपाला मिळू लागले. नाक चपटे हवे म्हटले की ते पिढ्यान्‌पिढ्या चपटे होत गेले आणि कुत्र्याला श्वास घेणे जड झाले. आपल्याकडे २००३ च्या सुमारास मोबाईलच्या एका जाहिरातीत पग दिसला आणि घरोघरी पग हवासा झाला. चैत्रातल्या कर्जतच्या उकाड्यात त्याची धाप कोणी ऐकली आहे काय?

मागणी वाढली की मध्ये ठेकेदार येतो, हा आमच्या धंद्यातला अनुभव. ठेकेदार माल दाखवितो, मजूर दाखवीत नाही. पिलांच्या बाजारात ती मजूर म्हणजे कुत्री. ती पिंजऱ्यात, वेतामागून वेत. तिला युनियन नाही, संपाचा हक्क नाही.

तिच्या बाजूने कायदा उशिरा आला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याखाली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ साली झाले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, अठरा महिन्यांच्या आत कुत्री फळवू नये, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये. इंग्लंडात ६ एप्रिल २०२० पासून ‘लूसीचा कायदा’ लागू झाला. लूसी ही पैदाशीत झिजून गेलेली एक कुत्री. २०१३ साली तिची सुटका झाली. त्या कायद्याने दलालामार्फत पिलू विकणे बंद झाले. ते जन्मल्या जागी, आईसह दाखवावे लागते.

म्हणून आपण पिलू घेणार असाल तर प्रथम त्याच्या घरी जा. आई पाहा: अंगाने भरलेली आहे काय, माणसाला भिते काय, पिलांजवळ निर्धास्त बसते काय. नोंदणीचा दाखला, लसीची व जंताच्या औषधाची नोंद मागा. डोळे स्वच्छ, ढुंगण कोरडे, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही, हे पाहा. कोपऱ्यात दडणारे नको आणि सर्वांना चावत सुटणारेही नको. हाक मारल्यावर थबकून मग जवळ येणारे घ्या. आठ आठवडे आई व भावंडांत राहिलेले पिलू दात किती लावावा हे तेथेच शिकते. चांगला पैदासकार तुम्हांलाही प्रश्न विचारतो: घर केवढे, दिवसभर घरी कोण, गावाला गेलात तर काय? त्याचा राग मानू नका. जो काहीच न विचारता स्टेशनावर पिलू आणून देतो म्हणतो, त्याला तेथूनच परत पाठवा.

आणि जातीचा हट्ट नसेल तर आपल्या आळीतच कोणी कुत्री व्यालेली असते. तिची आई, आजीसुद्धा आपण पाहिलेली असते. तिचे पिलू लसी टोचून घरी घ्या.

आमच्या सोबत्याने पुढे तेच केले. ती काळी कुत्री आज म्हातारी झाली आहे. रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाची पावले ती अजून ओळखते.